मोराची पन्नी

आमच्या घरात पहिली प्लास्टिकची पिशवी आली तेव्हा ती बघायला आळीतले लोक आले होते. नवी सून बघायला येतात तेवढे नाही, पण नवा कंदील बघायला आले होते त्याहून जास्त.

सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं. वाशीमचा जिल्हा व्हायला अजून खूप अवकाश होता, आमचा जिल्हा अकोला. बाबा केनवडजवळच्या एका खेड्यात मास्तर होते आणि उरलेल्या वेळात शेतकरी. कसल्याशा सरकारी कामासाठी ते अकोल्याला गेले आणि येताना आईला लुगडं घेऊन आले. दुकानदारानं ते एका जाड, दुधी रंगाच्या पिशवीत घालून दिलं होतं. पिशवीला धरायला दोन कान होते आणि पोटावर हिरव्या-निळ्या शाईचा पिसारा फुलवलेला मोर. लुगड्याचा रंग आज मला आठवत नाही. मोराची चोच कोणत्या बाजूला होती ते विचाराल तर लगेच सांगेन.

आमच्याकडे अशा पिशवीला पन्नी म्हणतात. तेव्हाही म्हणत, पण तेव्हा कौतुकानं म्हणत.

बाबांना नव्या गोष्टींचा भारी सोस. आलेल्या प्रत्येकाला ते पन्नी हातात देत आणि शाळेतला आवाज लावत. "पाहा, हे भिजत नाई. याले वाळवी लागत नाई. हे सडत नाई. जमिनीत पुरली तरी जशीच्या तशी राहीन." कोणाला पुरायची होती कोण जाणे. पण न सडणं हा तेव्हा मालाचा सगळ्यात मोठा गुण होता, आणि आमच्या घरातली बाकी प्रत्येक वस्तू सडत, गंजत किंवा फाटत असल्यामुळे लोकांना ते पटायचं.

त्याआधी दुकानातून सामान कसं यायचं ते सांगते, कारण आता मुलांना ते खरं वाटत नाही. आमच्या गावातले किराणावाले चाचा रद्दी कागदाच्या पुड्या बांधत. शाळेच्या जुन्या उत्तरपत्रिका त्यांच्याकडे जात, त्यामुळे हळदीबरोबर एखाद्याचं चुकलेलं भूगोलाचं उत्तरही घरी येई. पुडीचा दोरा आई रिळाला गुंडाळून ठेवी. मटण पळसाच्या पानात यायचं, तेल आपल्या बाटलीत, पीठ आपल्या डब्यात. कागद चुलीत जाई, पान म्हैस खाई, आणि चूल व म्हैस दोघींनी नाकारलेलं उकिरड्यावर जाऊन पेरणीच्या आत शेतात पोचे. आम्ही त्या काळी पर्यावरण जपत होतो असं हल्ली कोणीकोणी म्हणतं. आईसमोर म्हणाले असते तर तिनं त्यांना आधी जात्यावर बसवलं असतं. आमच्याकडे टाकण्यासारखं काही नव्हतं, एवढीच ती गोष्ट.

आई पन्नीला लुगड्याहून जास्त जपायची. राखेच्या पाण्यानं धुवायची, दोरीवर उलटी वाळत घालायची आणि घडी करून गादीखाली ठेवायची. एकदा ती मोराच्या पायाशी थोडी फाटली. आईनं उलथणं चुलीत तापवलं आणि फाटल्या जागी दाबलं. प्लास्टिक वितळून चिकटलं आणि तिथं अर्ध्या भाकरीच्या आकाराचा, पण रुपयाएवढाच, तपकिरी डाग राहिला. तो डाग आम्हाला सगळ्यांना ओळखीचा झाला. मोर पन्नीचा, डाग आईचा.

हळूहळू पन्नी आळीची झाली. कोणी रिसोडला मुलगी बघायला निघालं, कोणाची वाशीमच्या कोर्टात तारीख असली, की आमच्या दारात येऊन विचारत, "पन्नी मोकळी आहे काय?" शिवलेल्या कापडी पिशव्या सगळ्यांकडे होत्या, पण मोराची पन्नी हातात असली की एसटीचा कंडक्टरसुद्धा जरा अदबीनं सरका म्हणे. आई देई. आणि पन्नी परत येई ती कधी रिकामी येत नसे. कोणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमच्याकडची रीत. वाटी असो, टोपली असो, त्यात मूठभर काहीतरी घालूनच द्यायचं. पन्नीला भांड्याचा मान मिळाला होता.

या रितीत सगळ्यात पुढे होती आमची काकी. बाबांच्या चुलत भावाची बायको, आमच्या भिंतीला भिंत लागून घर. तिला विरजणाला वाटीभर ताक द्यावं तर तीच वाटी ती शेंगदाण्याच्या चटणीनं शिगोशीग भरून आणी. मग तिची एखादी वाटी आमच्याकडे आली की आईला शोधाशोध करावी लागे. "हिच्या वाट्या फेडता फेडता माहा जीव जाते," आई म्हणायची. पण काकीची वाटी आली की झाकण उघडून आधी बघायचीही तीच.

मग दुष्काळाचं साल आलं. कडबा संपला. आमची म्हैस गोठ्याच्या छपराचं गवत ओढून खाऊ लागली, मग दावं चघळू लागली. आई, काका, आळीतले निम्मे लोक रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. त्याच दिवसांत काकीचे वडील वाशीमच्या दवाखान्यात पडले. ती आमच्याकडून पन्नी घेऊन गेली. वडील बरे झाले, ती परत आली, आणि पन्नी परत आली नाही.

काकीचं म्हणणं सरळ होतं. ती दुपारच्या एसटीनं उतरली. पन्नी आधी पोचवू आणि मग घरी जाऊ म्हणून आमच्या दारात आली तर दाराला कुलूप.

"मंग म्या ते गोठ्यातल्या खुटीले टांगली," तिनं आईला सांगितलं. "वाशीमच्या बजारातून गूळ अन् फुटाणे आणले होते तुमच्यासाठी. मुंग्या लागू नये म्हणून तिचे दोन्ही कान बांधून गाठ मारली."

आईनं गोठ्यातली खुंटी बघितली. खुंटी होती. खाली गव्हाण होती, गव्हाणीला म्हैस होती. पन्नी नव्हती.

"उडून गेली काय मंग?" आई म्हणाली.

"मले काय माईत, बाई. म्या इथंच टांगली."

दोन दिवस शोधाशोध झाली. आईनं गादी उसवायची तेवढी बाकी ठेवली. आळीतल्या बाया येऊन उभ्या राहत, हळहळत आणि काकीकडे बघत. शेवटी काकी रडवेली होऊन म्हणाली, "म्हशीनं त नसन खाल्ली?"

सगळ्या हसल्या. आज हे वाक्य ऐकून कोणी हसणार नाही. आज पन्नी हरवली तर पहिला संशय म्हशीवरच जाईल. पण तेव्हा जनावर प्लास्टिक खातं हे कोणी बघितलंच नव्हतं, कारण जनावरासमोर पडण्याइतकं प्लास्टिकच कोणाकडे नव्हतं. म्हैस गवत खाते, दुष्काळात छप्पर खाते, पण अकोल्याच्या दुकानातली मोराची पन्नी खाते, हे ऐकून आईसुद्धा हसली. हसणं थांबल्यावर ती म्हणाली, "पायजे होती त मागून घेतली असती. देल्ली असती म्या."

काकी घरात निघून गेली. माझी आई वाईट बाई नव्हती, हे मला इथंच सांगितलं पाहिजे. पण ते वाक्य वाईट होतं, आणि ते आळीभर झालं.

पंधरवड्यानंतर म्हशीनं चारा सोडला. पोट फुगलं, रवंथ बंद झाली, डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. गावठी औषधं झाली, तेल पाजून झालं, रिसोडहून जनावरांचे डॉक्टर आले आणि दुष्काळाला दोष देऊन गेले. एका सकाळी ती उठलीच नाही. आई तिच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ बसून राहिली. आमच्या घरातलं दूध, दही आणि ताक त्या सकाळी संपलं.

आता मेलेल्या ढोराचं काय करायचं, हा आमच्याकडे साधा प्रश्न नव्हता. छप्पन साली आमच्या लोकांनी बुद्धाचा धम्म घेतला आणि मेलेली ढोरं ओढणं, फाडणं, सोलणं सोडलं. पिढ्यान् पिढ्या गावानं गळ्यात बांधलेलं काम एका दिवसात टाकलं, आणि त्यापायी गावाशी वाकडं घेतलं. बाबा तेव्हा जवान होते. घरातला सुरा त्यांनी स्वतः विहिरीत टाकला होता. त्यामुळे आपली म्हैस मेली तरी तिच्या कातड्याला हात लावायचा नाही, आणि दुसऱ्या कोणाला बोलावून लावायलाही लावायचा नाही, कारण आपण जे टाकलं ते दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणं बाबांना मान्य नव्हतं. म्हैस मागच्या वाडीत पुरायची ठरली. बाबा आणि काका खड्डा खणायला लागले. मिठाचं पोतं आलं.

तेव्हा काकी तिथं आली. बाबा तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांच्यापुढे ती कधी तोंड उघडत नसे. काही सांगायचं असलं तर आईकरवी, नाहीतर भिंतीकडे बघून. त्या दिवशी डोक्यावरचा पदर पुढे ओढून ती थेट त्यांना म्हणाली, "दादा, एक डाव फाडून पाहा."

बाबांचं फावडं थांबलं.

"दुसऱ्या कोणाले बलावू नका," ती म्हणाली. "मी सोता सुरा धरतो. पोट तेवढं पाहा."

"ते काम आपण सोडलं," बाबा म्हणाले. "एका पन्नीसाठी पुन्हा हाती धरायचं नाई."

"पन्नीसाठी नाई म्हणत मी."

ती कशासाठी म्हणत होती ते तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना कळलं होतं. बाबांनाही कळलं होतं. त्यांनी एकदा म्हशीकडे बघितलं. मग म्हणाले, "सोडलं ते सोडलं," आणि खणायला लागले. काका खाली बघून माती उपसत होते. त्यांनी ना भावाला काही म्हटलं, ना बायकोला.

त्या दिवशी पोट फाडलं असतं तर काकी तिथल्या तिथं सुटली असती. पण बाबांचं बरोबर होतं. आणि काकीचंही बरोबर होतं. मी याच्यावर आयुष्यभर विचार केला आहे आणि दोघांपैकी एकाला चूक ठरवणं मला अजून जमलेलं नाही. राग येतो तो येतोच, फक्त तो कोणावर काढावा ते कळत नाही.

आळीनं मात्र लगेच ठरवलं. चोरी झाकायला ही बाई आपल्याला पुन्हा ढोरं फाडायला लावत होती, असं बोललं गेलं. त्यानंतर काकीला कोणी वाळीत टाकलं वगैरे नाही. लोक बोलत, लग्नाला बोलावत, पंगतीत वाढत. फक्त तिनं काही मागितलं तर ते घरात नसे. चाळणी दुसऱ्याकडे गेलेली असे. विरजण नेमकं संपलेलं असे. सूप फाटलेलं असे. एकमेकांच्या वस्तूंवर चालणाऱ्या आळीत ही शिक्षा लहान नव्हती. काही दिवसांनी काकीनं मागणं बंद केलं. तिनं स्वतःची चाळणी घेतली, स्वतःचं सूप घेतलं, जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवल्या. कोणाचं घ्यायचं नाही म्हटल्यावर परत करायचंही काही राहिलं नाही. तिची शिगोशीग वाटी आमच्या घरी येणं थांबलं. आई कधी कधी रिकाम्या फळीकडे बघून उगाच म्हणायची, "बरं झालं, कटकट गेली."

शिवाय काकीच्या त्या वाक्याची आळीत म्हणच झाली. कोणाचा चष्मा सापडेना, पोराची पाटी सापडेना, की कोणीतरी म्हणे, "म्हशीनं खाल्ली असन." काकी पाण्याला निघालेली असली तरी म्हणत. ती ऐके आणि घागर घेऊन पुढे जाई.

वर्षं गेली. पाऊस पुन्हा नीट पडू लागला. खताच्या पोत्यांच्या आतून मोठ्या मोठ्या पन्न्या येऊ लागल्या. बाबा त्याचा घोंगता करून, डोक्यावरून पाठीवर सोडून, पावसात शाळेला जात आणि न भिजता पोचल्याचं सगळ्यांना सांगत. रिसोडच्या बाजारात पातळ पन्न्या मिळू लागल्या. त्या धुवायच्या कोणाच्या मनात येत नसे. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी त्या बाभळींना लटकलेल्या दिसत. पन्नी पाहुण्यासारखी आली होती, आता ती घरचीच झाली आणि तिच्याकडे कोणी बघेनासं झालं. मोराच्या पन्नीची आठवण निघाली की आई विषय बदलायची.

दशक संपता संपता बाबांच्या डोक्यात गोबरगॅसनं घर केलं. नवी म्हैस आली होती, शेण होतं, सरकारचं अनुदान होतं. फक्त खड्डा हवा होता. मागच्या वाडीत त्यांनी जागा निवडली. कुंपण मधल्या काळात सरकलं होतं आणि जुनी जागा नेमकी कोणाच्या लक्षात नव्हती. माती काळी, भुसभुशीत दिसली, खणायला सोपी, म्हणून तीच. पुन्हा बाबा आणि काकाच खणत होते. मी पाणी घेऊन गेले तेव्हा काका कमरेइतके खड्ड्यात होते आणि हातात शिंग घेऊन उभे होते.

म्हशीचं सगळं मातीत गेलं होतं. कातडं, मांस, आतडी, काहीच उरलं नव्हतं. शिंगं होती, फासळ्या होत्या. आणि फासळ्यांच्या मधे, जिथं पोट असायला हवं तिथं, मातीनं माखलेला एक दुधी गोळा होता.

काकांनी तो उचलला. खड्ड्यातून वर आले, हौदापाशी जाऊन तो पाण्यात धरला आणि हळूहळू उलगडला. चावून चावून त्याला भोकं पडली होती. मोराचा रंग उडाला होता, पण पिसारा ओळखू येत होता. पायाशी तपकिरी डाग होता. वर दोन्ही कान एकमेकांत बांधलेले होते आणि गाठ पक्की होती.

बाबा म्हणायचे ते खरं निघालं. जमिनीत पुरली तरी जशीच्या तशी राहिली.

बाबा गुडघ्यांवर हात ठेवून खाली बसले. काकांनी पन्नी झटकली, हौदाच्या काठावर पसरून ठेवली आणि भिंतीपलीकडे आपल्या घरात निघून गेले. जाताना त्यांचे खांदे हलत होते, हे मी बघितलं.

आई आली. तिनं आधी डागावर बोट ठेवलं. मग गाठीवर. मग ती पन्नी घेऊन घरात गेली.

गाठ सोडवायला तिला फार वेळ लागला. नखांनी सुटेना, सुई घेतली. मी कात्री आणू का विचारलं तर माझ्याकडे असं बघितलं की मी तिथून उठले. गाठ सुटल्यावर तिनं पन्नी राखेच्या पाण्यानं धुतली, दोरीवर उलटी घातली, आणि वाळेपर्यंत दारात बसून राहिली. मग मला चाचांच्या दुकानात पाठवलं. गूळ आणि फुटाणे. फुटाणे भोकांतून गळतील म्हणून पुडीतच राहू दिले, गुळाचा मोठा खडा खाली ठेवला. नेसूचं लुगडं बदललं. आणि शेजारच्या दारात जायला, जे चार पावलांवर होतं, ती आळीच्या मधून, सगळ्यांना दिसेल अशी पन्नी पुढे धरून गेली. मी मागे होते.

बातमी तोवर पसरली होती. दारादारांत बाया उभ्या होत्या.

काकी ओसरीवर तूर पाखडत बसली होती. आई तिच्यासमोर खाली बसली. ओसरीवर नाही, खालच्या पायरीवर. आई तिची थोरली जाऊ होती. तिनं तिथं बसायचं नसतं.

"म्हशीनं खाल्ली होती," आई म्हणाली. "तू म्हणे तसंच झालं होतं. म्या तुह्यं ऐकलं नाई."

काकीनं सूप बाजूला ठेवलं. पन्नी हातात घेतली. मोराकडे बघितलं, डागाकडे बघितलं. गूळ काढून सुपात ठेवला, फुटाण्यांची पुडी काढून सुपात ठेवली. मग पन्नी उलटी करून झटकली, जुन्याच घडीवर नीट घडी घातली आणि आईपुढे धरली.

"घ्या, बाई," ती म्हणाली.

आई बसून राहिली. रीत अशी की, असं म्हणायच्या आधी घरच्या बाईनं आत जायचं आणि मूठभर काहीतरी आणून घालायचं. तूर तर समोरच होती. साऱ्या आळीला ते माहीत होतं आणि सारी आळी बघत होती. जन्मात कोणाची वाटी जिनं रिकामी परत केली नव्हती, ती काकी जागची हलली नाही. तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

आईनं पन्नी घेतली आणि आम्ही परत आलो.

बाबा दारातच उभे होते. "काय म्हणाली?"

"काई नाई."

बाबांचं लक्ष आईच्या हाताकडे गेलं. "रिकामी देल्ली?"

"हो," आई म्हणाली. "बरोबर देल्ली."

मग ती न्हाणीत गेली आणि पन्नी पुन्हा धुवायला लागली. स्वच्छच होती ती.